विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा: अर्थ काय, आणि प्रत्यक्ष तयारी कशी करायची?

मंडळीसेविका

सर्वांना जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीत पुढच्या महिन्यात बाप्तिस्माविधी आहे. उमेदवारांचा वर्ग आणि विधीची व्यवस्था, दोन्ही माझ्याकडे आहे. ज्यांनी स्वतः विश्वास कबूल केला आहे त्यांनाच आमच्याकडे बाप्तिस्मा देतात, तोही पूर्ण बुडवून. वर्गात प्रश्न बरेच निघतायत, आणि त्यांना वचनाला धरून उत्तरं द्यायची आहेत.

सगळ्यांच्या तोंडी असलेला प्रश्न असा: तारण कृपेने, विश्वासाद्वारे होतं, पाण्याने नाही, असं आपणच शिकवतो. मग पाण्यात उतरायचं कशाला? एका उमेदवाराचा तान्हेपणी दुसऱ्या मंडळीत बाप्तिस्मा झालाय आणि घरचे म्हणतात की पुन्हा घेणं म्हणजे पहिल्याचा अपमान. एक मुलगा नऊ वर्षांचा आहे, हट्ट धरून बसलाय. एका आजींचे गुडघे वाकत नाहीत, त्यातून पाण्याची भीती.

शिवाय हौद तात्पुरता उभा करायचा आहे. पाणी किती, खोली किती, कोमट कसं करायचं आणि बुडवताना हात कुठे धरायचे, हे कोणी नीट सांगेल का?

वचनवाचक

ताई, पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

प्रेषितांची कृत्ये वाचताना क्रमाकडे लक्ष द्या. लोक वचन ऐकतात, ते स्वीकारतात, मग त्यांचा बाप्तिस्मा होतो आणि मग ते मंडळीत मिळवले जातात. पेन्टेकॉस्टच्या दिवशी ज्यांनी पेत्राचा संदेश स्वीकारला त्यांचा बाप्तिस्मा झाला, सुमारे तीन हजार जणांचा (२:४१). शोमरोनात फिलिप्पाच्या सुवार्तेवर विश्वास ठेवल्यावर पुरुष व स्त्रिया दोघांचा झाला (८:१२). करिंथात पुष्कळांनी ऐकलं, विश्वास ठेवला आणि बाप्तिस्मा घेतला (१८:८). विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा या शिकवणीचा पाया हा क्रम आहे. देव आधी बोलतो, माणूस नंतर उत्तर देतो. बाप्तिस्मा हे ते उत्तर, आणि ज्याचं उत्तर त्यानेच द्यायचं असतं.

‘मग पाणी कशाला’ याचं उत्तर रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. पौल बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं म्हणतो. पुरल्याने कोणी मरत नाही. जो मेला आहे त्यालाच पुरतात. पापाच्या बाबतीत जो ख्रिस्ताबरोबर मेला त्याची ही उघड, सर्वांसमोर झालेली मूठमाती, आणि पाण्यातून वर येणं म्हणजे नव्या जीवनाने चालू लागणं. बुडवून देण्याचा आग्रह धरतात तोही बहुतेक याच अध्यायामुळे. पुरणं आणि उठणं दोन्ही त्या कृतीत डोळ्यांना दिसतं.

वर्गात दोन माणसं शेजारी शेजारी ठेवा. एक, येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेला तो चोर. त्याला पाणी मिळालंच नाही, तरी सुखलोकाचं वचन मिळालं (लूक २३:४३). दुसरा कर्नेल्य, तो रोमी शताधिपती. त्याच्यावर आणि ऐकणाऱ्या सर्वांवर पवित्र आत्मा पाण्याच्या आधी उतरला. तेव्हा पेत्र ‘आता पाण्याची गरज नाही’ असं म्हणाला का? उलट त्याने त्यांचा बाप्तिस्मा करण्याची आज्ञा दिली (प्रे. कृत्ये १०:४७-४८). चोराकडे पाहिलं की कळतं, पाणी ही तारणाची किंमत नाही. कर्नेल्याकडे पाहिलं की कळतं, पाणी ऐच्छिकही नाही. नुसती पहिली बाजू शिकवली तर लोक बाप्तिस्मा वर्षानुवर्षं पुढे ढकलतात. नुसती दुसरी शिकवली तर पाण्यावरच भरवसा ठेवून बसतात. माझ्या मते दुसरी चूक जास्त घातक आहे, कारण तिच्यात माणूस निश्चिंत राहून हरवतो.

विश्वासणाऱ्यांचाच बाप्तिस्मा मानणाऱ्यांत सगळे इथे एकमत नाहीत, हेही वर्गात सांगा. चर्चेस ऑफ ख्राईस्ट या परंपरेत प्रे. कृत्ये २:३८ आणि २२:१६ वरून पापक्षमा बाप्तिस्म्याच्या क्षणी मिळते असं शिकवतात. बॅप्टिस्ट मंडळ्या आणि बहुतेक पेन्टेकोस्टल तसं मानत नाहीत.

उमेदवाराच्या घरच्यांशी बोलताना ‘घराण्यांचे बाप्तिस्मे’ हा मुद्दा हमखास निघेल. नव्या करारात अशी पाच घरं धरतात: कर्नेल्य, लुदिया, फिलिप्पैचा बंदिशाळेचा अधिकारी, क्रिस्प आणि स्तेफन. एकेक उघडून वाचा. कर्नेल्याच्या घरी ऐकणाऱ्या सर्वांवर आत्मा उतरला. बंदिशाळेच्या अधिकाऱ्याच्या घरातल्या सर्वांना आधी वचन सांगितलं गेलं (प्रे. कृत्ये १६:३२) आणि नंतर देवावर विश्वास ठेवल्याचा आनंद सगळ्या घराने केला. क्रिस्पाने सगळ्या घराण्यासह विश्वास ठेवला. स्तेफनाच्या घरच्यांनी पवित्र जनांच्या सेवेला वाहून घेतलं होतं (१ करिंथ १६:१५), ते तान्ह्यांचं काम नाही. राहिली लुदिया. तिच्या घरात कोण होतं याबद्दल शास्त्र काहीच सांगत नाही. तिथे बाळं होती असं म्हणता येत नाही, नव्हती असंही म्हणता येत नाही.

बालबाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांचा खरा आधार हा नाहीच. तो आहे करार. अब्राहामाच्या करारात मुलांची सुंता होत असे आणि कलस्सैकरांस २:११-१२ मध्ये पौल सुंता व बाप्तिस्मा एका दमात सांगतो. म्हणून विश्वासणाऱ्यांची मुलंही कराराच्या खुणेची हक्कदार, असं ते म्हणतात. आपलं उत्तर असं की त्याच बाराव्या वचनात ‘विश्वासाच्या द्वारे’ उठवलं जाणं लिहिलंय, आणि नव्या करारात प्रवेश शारीरिक जन्माने नाही, नव्या जन्माने होतो. त्यांचा मुद्दा पोकळ समजून उडवून लावू नका. गेली कित्येक शतकं गाढे देवभीरू लोक तो धरून आहेत.

जुनी_पाने

वचनवाचक भाऊंनी लिहिलेल्याला इतिहासाची थोडी जोड देतो, म्हणजे ‘दुसऱ्या बाप्तिस्म्या’चा प्रश्न सुटायला मदत होईल.

‘कोणाला द्यायचा’ आणि ‘कसा द्यायचा’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. वाद घालताना लोक त्यांची गल्लत करतात. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्या तान्ह्या बाळाला तीनदा पाण्यात बुडवतात. म्हणजे बुडवणं आहे, पण स्वतःची कबुली नाही. उलट बहुतेक मेनोनाइट मंडळ्या कबुली दिलेल्या माणसाच्या डोक्यावर पाणी ओततात. म्हणजे कबुली आहे, पण बुडवणं नाही. ‘दिदाखे’ हे पहिल्या शतकाच्या अखेरीचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं लिखाण आहे. त्यातला सातवा अध्याय सांगतो: वाहतं पाणी घ्या, ते नसेल तर दुसरं, थंड जमत नसेल तर ऊन, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. उमेदवाराने आधी एक-दोन दिवस उपवास करावा, असंही त्यात आहे. उपवास आणि सूचना तान्ह्या बाळाला लागू पडत नाहीत, ही गोष्ट आपल्या बाजूने बोलते. आणि ओतण्याला दिलेली मुभा, फक्त बुडवणंच ग्राह्य असं म्हणणाऱ्यांच्या विरुद्ध.

सन २०० च्या सुमारास टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा असं सुचवतो. त्याचा अर्थ दोन्हीकडून निघतो: तेव्हा मुलांना बाप्तिस्मा दिला जात होता, आणि त्यावर सगळ्यांचं एकमत नव्हतं.

युरोपातल्या धर्मसुधारणेच्या काळात २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये कॉन्राड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला, आणि मग ब्लाउरॉकने इतरांना. पाणी ओतून दिला होता, बुडवून नाही. त्यांच्यातलाच फेलिक्स मान्ट्स याला ५ जानेवारी १५२७ रोजी लिम्माट नदीत बुडवून मारण्यात आलं. पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांना मृत्युदंड, असा सम्राटाचा हुकूम १५२९ मध्ये स्पायरच्या सभेत निघाला. इंग्लिश बॅप्टिस्टांची सुरुवात १६०९ मध्ये ॲम्स्टरडॅमला जॉन स्मिथपासून धरतात. तिथेही पाणी ओतूनच बाप्तिस्मा झाला. पूर्ण बुडवणं हीच रीत, असं लंडनच्या बॅप्टिस्ट मंडळ्यांनी १६४४ च्या विश्वासपत्रात स्पष्ट लिहिलं.

झुरिकच्या त्या मंडळींनी आपण ‘दुसरा’ बाप्तिस्मा घेतोय असं कधीच मान्य केलं नाही. ज्यात विश्वास नव्हता तो बाप्तिस्मा नव्हता, म्हणून हा पहिलाच, असं ते म्हणत. तुमची मंडळी आजही हेच धरते. वचनातला जवळचा दाखला प्रे. कृत्ये १९:१-७ चा: इफिसातल्या सुमारे बारा जणांचा योहानाचा बाप्तिस्मा झाला होता, तरी येशूवर विश्वास ठेवल्यावर त्यांना प्रभू येशूच्या नावाने बाप्तिस्मा देण्यात आला. दाखला जवळचा आहे, तंतोतंत नाही. त्यांचा पहिला बाप्तिस्मा ख्रिस्ती बाप्तिस्मा नव्हता.

समोरच्यांचं म्हणणंही उमेदवाराला नीट कळू द्या. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लूथरन आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांत बाप्तिस्मा एकदाच होतो. जागतिक चर्च परिषदेच्या १९८२ च्या लिमा दस्तऐवजातही बाप्तिस्मा पुन्हा करता येत नाही आणि पुनर्बाप्तिस्म्यासारखं दिसेल असं काही करणं टाळावं, असं म्हटलंय. तेव्हा घरचे दुखावतात ते हट्टाने नाही. त्यांच्या दृष्टीने देवाने दिलेलं वचन तुम्ही खोटं ठरवताय.

म्हणून माझा सल्ला. निर्णय उमेदवाराचा स्वतःचा हवा. मंडळीचं सभासदत्व मिळावं किंवा लग्न ठरावं म्हणून त्याने पाण्यात उतरू नये. साक्ष देताना ‘माझा आधीचा बाप्तिस्मा खोटा होता’ हे वाक्य त्याला बोलायला लावू नका. आईवडिलांनी लहानपणापासून प्रभूकडे नेलं याबद्दल आभार मानून ‘आज मी स्वतः कबूल करतो’ असं तो म्हणू शकतो, आणि ते खरंही असतं. विधीच्या आधी पाळकांनी त्याच्या घरी जाऊन भेटावं. विवेकबुद्धी तयार नसेल तर थांबावं. काही बॅप्टिस्ट मंडळ्या तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या, पण आज स्वतः विश्वास कबूल करणाऱ्या माणसाला पुन्हा बाप्तिस्मा न देताही सभासद करून घेतात. काही घेत नाहीत. तुमच्या मंडळीचा नियम काय, ते वडीलमंडळाकडून आधीच लेखी विचारून ठेवा. ऐन वेळी हौदापाशी ही चर्चा नको.

हौदकाम

हौदाचं मी सांगतो.

माप: ज्या दिशेने माणूस मागे झुकणार ती लांबी अडीच मीटर, रुंदी सव्वा मीटर, पाण्याची उंची एक मीटर. हौदाची भिंत पाण्याच्या वर निदान वीस सेंटिमीटर ठेवा, नाहीतर प्रत्येक माणसागणिक पाणी बाहेर सांडतं आणि जमीन निसरडी होते. पाणी साधारण ३,१०० लिटर लागेल. म्हणजे तीन टनांहून जास्त वजन, दर चौरस मीटरला हजार किलो. सभागृहाचा वरचा मजला साधारणपणे चौरस मीटरला चारशे-पाचशे किलो धरून बांधतात. म्हणून तात्पुरता हौद तळमजल्यावर, थेट जमिनीवरच. लाकडी मंचावर मुळीच नको.

मिनिटाला पंधरा लिटर देणाऱ्या नळाने भरायला साडेतीन तास जातात. पाणी २० अंशांवरून ३२ वर आणायला साधारण ४३ युनिट वीज लागते. सहा किलोवॉटच्या हीटरवर सात-साडेसात तास, आणि उघड्या हौदातून उष्णता जाते म्हणून नऊ धरा. वर जाड आच्छादन घाला, बराच फरक पडतो. ३२ ते ३४ अंश छान. १५ अंशांखालच्या पाण्यात चेहरा गेला की माणूस आपसूक श्वास आत ओढतो आणि पाणी छातीत जातं. वयस्कर आणि हृदयविकार असलेल्यांना ते झेपत नाही.

आता वीज. २००५ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या वेको शहरात बाप्तिस्म्याच्या पाण्यात उभ्या असलेल्या पाळकाने माइक धरला आणि विजेच्या धक्क्याने त्याचा मृत्यू झाला. त्यामुळे पहिला माणूस पाण्यात उतरण्याआधी हीटर आणि पंप नुसता बटणाने बंद नाही, तर प्लग उपटून बाजूला ठेवायचा. वायरचा माइक पाण्यातल्या माणसाच्या हातात द्यायचा नाही. साक्ष बाहेर, कोरड्या जागी उभं राहून द्यावी. पाळकांचा आवाज पोचत नसेल तर बाहेरच्याने स्टँडवरचा माइक दूर ठेवून घ्यावा. सर्किटला ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असावाच.

भरलेलं कोमट पाणी दोन-चार दिवस ठेवू नका. २० ते ४५ अंशांत लिजिओनेलासारखे जिवाणू जोमाने वाढतात. आदल्या दिवशी भरा, विधी होताच उपसा. तळाला रबरी चटई, पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा. फायबरचा तळ ओल्या पायाला साबणासारखा लागतो.

हौदकाम

बुडवण्याची पद्धत वेगळी लिहितो, कारण गडबड होते ती इथेच.

उमेदवाराची कड मंडळीकडे, पाळक त्याच्या बाजूला, तोंड मंडळीकडे. उमेदवाराने एका हाताने नाक धरायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच हाताचं मनगट. पाळकांचा एक हात त्या जुळलेल्या मनगटांवर, दुसरा पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, मानेच्या जरा खाली. नुसती मान धरायची नाही. आधी प्रश्न, मग उमेदवाराची उत्तरं, मग ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करतो’ हे वाक्य पूर्ण. त्यानंतरच बुडवायचं. बोलत बोलत बुडवलं तर निम्मे शब्द त्याला पाण्याखाली ऐकू येतात, म्हणजे येतच नाहीत, आणि श्वास कधी घ्यायचा हेही त्याला कळत नाही. ‘श्वास घे’ असं हळूच सांगा आणि मनगट दाबून खूण करा.

उमेदवाराने ताठ मागे पडायचं नाही. गुडघे वाकवून, मागे खुर्ची आहे असं समजून बसायचं आणि मग डोकं मागे टेकवायचं. ताठ पडणाऱ्याचे पाय तळ सोडतात, मग त्याला वर आणायला दोन माणसं लागतात. पाळकांनी पाय फाकून उभं राहावं आणि ज्या बाजूला डोकं जाणार त्या बाजूचं पाऊल एक वीत पुढे टाकावं. भार मांड्यांवर येतो, कंबरेवर नाही. पाण्याखाली वजन जवळपास जाणवत नाही. ते येतं उठवताना, म्हणून मनगट ओढायचं आणि पाठ ढकलायची, दोन्ही एकदम. कपाळ पाण्याखाली गेलं की लगेच वर. एक-दोन सेकंद पुरेत.

पाणी पोटाच्या वर, छातीच्या खाली. कमी असेल तर पाळकांना फार वाकावं लागतं आणि उमेदवाराचं कपाळ कोरडंच राहतं. जास्त असेल तर पाय तरंगतात. पाण्यातली तालीम आदल्या दिवशी, पाणी भरल्यावर करा. त्याआधी वर्गात जमिनीवर प्रत्येकाची तीन-चारदा करून घ्या.

कपडे गडद रंगाचे, जाड सुती, अंगाबरोबर, गुडघ्याखाली जाणारे. पांढरं पातळ कापड ओलं झालं की पारदर्शक होतं. पांढरा झगाच हवा असेल तर आत गडद कपडे. मोठ्या घेराच्या झग्यात हवा भरून तो वर तरंगतो, त्यासाठी काठात वजनं शिवतात. कॉन्टॅक्ट लेन्स, चष्मा, श्रवणयंत्र बाहेर.

नदीवर किंवा तळ्यावर करणार असाल तर खोली त्याच दिवशी सकाळी काठीने मोजा, कालच्या अंदाजावर जाऊ नका. प्रवाहात डोकं वरच्या अंगाला आणि पाय खालच्या अंगाला ठेवून बुडवा. तसं केलं की पाणी नाकात शिरत नाही आणि धार माणसाला उठवायला मदत करते. उलट केलं तर दोन्ही त्रास.

मंडळीसेविका

भाऊ, खूप आभार. गुडघे वाकवायचे म्हणालात, पण आजींचे वाकतच नाहीत. त्यांच्यासाठी काय करायचं? आणि मुलाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून.

हौदकाम

ताई, आजींना बसवून द्या. धातूची किंवा प्लास्टिकची भक्कम, हातांची खुर्ची हौदात ठेवा, पायांना रबरी टोप्या. खुर्चीला वजन बांधा, नाहीतर प्लास्टिकची तरंगते. दोन्ही बाजूंना एकेक माणूस. बसल्यावर पाणी खांद्यापर्यंत येईल. मग पुढे वाकून चेहरा आणि डोकं पाण्यात. पाण्याला भिणाऱ्यांना पुढे वाकणं मागे पडण्यापेक्षा सोपं जातं, कारण पाणी दिसत असतं आणि तोल आपल्या हातात राहतो. श्वार्झेनाऊ ब्रदरन परंपरेत १७०८ पासून गुडघे टेकून पुढेच, आणि तीनदा बुडवतात. म्हणजे पुढे बुडवण्यात काही कमीपणा नाही.

मात्र डॉक्टरांना आधी विचारा. गळ्याला छिद्र करून श्वासाची नळी बसवलेली असेल तर बुडवणं अजिबात नाही, पाणी थेट फुप्फुसात जातं. हाताला किंवा छातीला औषधाची शिरेतली नळी असेल, टाके ओले असतील, तरीही नाही. अपस्मार असेल तर पाण्यात दोन माणसं हवीत आणि त्या दिवशीच्या गोळ्या चुकता कामा नयेत. कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर व्हॅसलीन लावलेला कापूस. ज्याला बुडवताच येत नाही त्याच्या डोक्यावर भरपूर पाणी ओता.

वचनवाचक

शेवटच्या वाक्याला बऱ्याच बॅप्टिस्ट मंडळ्या हरकत घेतील. त्यांच्या १६८९ च्या विश्वासपत्रात बुडवणं आवश्यक असं स्पष्ट आहे. पण आजारी माणसासाठी ओतणं मलाही मान्य आहे, कारण आज्ञा पाळायची तयारी त्याच्यात आहे आणि अडचण शरीराची आहे. तुमच्या वडीलमंडळाला मात्र आधी विचारा, ताई.

रविवारशाळा_शिक्षिका

मुलाबद्दल लिहिते.

बायबलमध्ये वयाचा आकडा नाही. काही मंडळ्या बारा वर्षांची अट घालतात, काही अठराची, काही कोणतीच नाही. अट ही सोय आहे, आज्ञा नाही. पाहायचं ते हे: मुलगा स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो का, की पाठ केलेलं बोलतो? त्याला पालकांपासून वेगळं बसवून, पण दार उघडं ठेवून आणि दुसरी शिक्षिका सोबत असताना विचारा. ‘हो की नाही’ची उत्तरं येतील असे प्रश्न टाळा. ‘तू येशूवर प्रेम करतोस ना?’ याला कुठलंही मूल ‘हो’च म्हणतं. त्यापेक्षा ‘येशूला मरावं का लागलं?’, ‘तू चुकलास की काय करतोस?’, ‘बाप्तिस्मा घेतला नाहीस तर देव काय करेल असं वाटतं?’ असे विचारा. शेवटच्या प्रश्नाला ‘नरकात टाकेल’ असं उत्तर आलं तर त्याला अजून कृपेची सुवार्ता समजावून सांगायची आहे. पाणी थांबू शकतं. मित्राने घेतला म्हणून, मोठ्या बहिणीचं कौतुक झालं म्हणून, किंवा प्रभुभोजनाची भाकर मिळावी म्हणून हवा असेल तर तेही बोलताना बाहेर येतं.

थांबवायचं ठरलं तर ‘तू लहान आहेस’ म्हणून परत पाठवू नका. तो नकार मूल वर्षानुवर्षं मनात धरतं. ‘तू विचारलंस याचा आनंद आहे, आपण सहा महिने मिळून मार्काचं शुभवर्तमान वाचू आणि मग पुन्हा बोलू’ असं सांगा, आणि सहा महिन्यांनी खरंच बोला. कबुली स्पष्ट असेल तर नऊ वर्षांच्या मुलालाही अडवू नये असं माझं ठाम मत आहे. दोन्ही पालकांची लेखी संमती मात्र घ्या.

वर्गाबद्दल. प्रे. कृत्ये १६:३३ मध्ये बाप्तिस्मा त्याच रात्री झाला, मग आपण आठवड्यांचा वर्ग का घेतो, असं उमेदवार विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. पुढच्या शतकांत तीन-तीन वर्षं शिकवून बाप्तिस्मा देण्याची रीतही काही ठिकाणी होती. मधला मार्ग चार ते सहा बैठका. पहिली सुवार्ता आणि पश्चात्ताप, दुसरी रोमकरांस सहावा अध्याय, तिसरी मंडळी व प्रभुभोजन, चौथी साक्षलेखन आणि तालीम. वर्गाची परीक्षा करू नका. कमी शिकलेला माणूस चार वाक्यांत विश्वास सांगतो आणि तेवढं पुरेसं असतं.

साक्ष तीन मिनिटांची, म्हणजे लिहून एक पान. विश्वासाआधी काय होतं ते थोडक्यात, ख्रिस्त कसा कळला ते जास्त, आज काय बदललंय ते प्रामाणिकपणे. जुन्या पापांचे तपशील आणि दुसऱ्यांची नावं काढून टाकायला सांगा. ऐकणाऱ्यांत त्या माणसांचे नातेवाईक असतात. ज्याला उभं राहून बोलवत नाही त्याची साक्ष दुसऱ्याने वाचली तरी चालते. पण विधीतले प्रश्न, म्हणजे ‘येशू ख्रिस्त तुझा प्रभू आणि तारणारा आहे असं कबूल करतोस का?’, ‘पापापासून वळून त्याच्यामागे चालायचं ठरवलंस का?’, यांची उत्तरं त्याने स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांना ऐकू जातील अशी द्यायला हवीत. विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा तिथेच घडतो, आणि ती उत्तरं पुटपुटली गेली तर पाळकांनी थांबून पुन्हा विचारावं.

मंडळीसेविका

मुलाशी या रविवारी बसते, शिक्षिका सोबत घेऊन. उमेदवारांचा क्रम कसा लावू? आणि नोंदीचं?

हौदकाम

पहिला असा ठेवा जो पाण्यात सहज वावरतो. त्याला पाहून बाकीच्यांची भीती जाते. आजी दुसऱ्या. खुर्ची त्यांच्यानंतर लगेच बाहेर काढता येते आणि त्यांना ओल्याने ताटकळावं लागत नाही. मुलगा त्यांच्या मागे. त्याला पाणी गळ्याशी येत असेल तर तळाशी पक्का बसणारा पाट ठेवा. उतरायला एक बाजू, चढायला दुसरी, आणि चढायच्या बाजूला टॉवेल उघडून धरलेला माणूस. स्त्रियांना हात द्यायला स्त्रियाच ठेवा. बदलायच्या खोलीपर्यंतच्या वाटेवर गोणपाट किंवा चटया अंथरा, घसरून पडण्याचे प्रकार हौदात कमी आणि या वाटेवर जास्त होतात.

रविवारशाळा_शिक्षिका

नोंदवहीत पूर्ण नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, ठिकाण, देणाऱ्याचं नाव आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या उमेदवाराच्या नोंदीत ‘पुनर्बाप्तिस्मा’ असा शब्द लिहू नका, नुसतं ‘बाप्तिस्मा’ लिहा. तुमची मंडळी हाच पहिला मानते. प्रमाणपत्रावरचं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळवून घ्या, पुढे लग्नाच्या वेळी दुसरी मंडळी तेच मागते. आणि नव्या विश्वासणाऱ्यांना प्रभुभोजनाला कधी बसवणार हे आधीच ठरवा. त्याच उपासनेत बसवता आलं तर उत्तम. कपडे बदलायला वीस मिनिटं लागतात, तेवढी गाणी मधे ठेवा.